नाव न घेतलेलं गाणं, एका रात्रीची अटक: काँगोची चाला मुआना समजून घेताना

३० सप्टेंबर २०२५ रोजी काँगोच्या लष्करी न्यायालयाने देशाचे माजी राष्ट्राध्यक्ष जोझेफ कबिला यांना देशद्रोहासह अनेक आरोपांखाली मृत्युदंड सुनावला. कबिला कोर्टात हजर नव्हते. बातमी वाचून डोकं चक्रावतं. या माणसाने १८ वर्षं राज्य केलं, मग सत्ता सुखासुखी पुढच्याच्या, म्हणजे फेलिक्स चिसेकेदी यांच्या हाती दिली आणि त्याच पुढच्याच्या राजवटीत त्याला देहदंड? हे दोघे मित्र होते की वैरी?

हे भांडण उघड्यावर येत होतं त्या दिवसांत, म्हणजे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, राजधानी किन्शासात गुप्तचर खात्याने एका ६२ वर्षांच्या गायिकेला ताब्यात घेतलं. तिचं नाव चाला मुआना. गुन्हा काय, तर तिचं नवं गाणं. गाण्याचं नाव फ्रेंचमध्ये होतं आणि त्याचा अर्थ 'कृतघ्नपणा'. त्यात कुणाचंही नाव नव्हतं, पक्षाचा उल्लेख नव्हता, निवडणुकीचा विषय नव्हता. दुसऱ्या दिवशी तिला सोडून दिलं.

नाव नसलेल्या गाण्याने सरकार का बिथरलं, हे समजायला मुआनाचं आयुष्य बघावं लागतं. आणि ते बघायला थोडं काँगोचं संगीत, थोडा नाच आणि बरंचसं राजकारण लागतं.

आधी हे ठरवू: कोणता काँगो?

काँगो नावाचे दोन देश आहेत आणि काँगो नदीच्या दोन काठांवर त्यांच्या राजधान्या समोरासमोर उभ्या आहेत. एका काठावर ब्राझाव्हिल, ही जुनी फ्रेंच वसाहत. समोर किन्शासा, ही बेल्जियमची. आपण बोलतोय तो किन्शासावाला काँगो: क्षेत्रफळ सुमारे २३ लाख ४५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दोन-तृतीयांशापेक्षाही जास्त. ३० जून १९६० रोजी तो स्वतंत्र झाला. मोबुतु सेसे सेको या हुकूमशहाच्या काळात, १९७१ ते १९९७, त्याचं नाव झाईर होतं. आपल्याकडे हा देश ओळखीचा आहे तो बहुधा मोबाइलच्या बॅटरीत लागणाऱ्या कोबाल्टमुळे, किंवा तिथल्या पूर्व भागात संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीत वर्षानुवर्षं तैनात असलेल्या भारतीय जवानांमुळे.

राज्यकारभाराची भाषा फ्रेंच. त्याखाली चार राष्ट्रीय भाषा: लिंगाला, किकोंगो, स्वाहिली आणि चिलुबा. या चारांपैकी संगीताच्या बाजारात राज्य लिंगालाचं. ती राजधानीची भाषा, सैन्याची भाषा आणि म्हणून रेडिओचीही. चिलुबा बोलतात ते मध्य काँगोतल्या कासाई प्रांतातले लुबा लोक. मुआना त्यांच्यातली.

पण तिचा जन्म कासाईत झाला नाही. १९५८ साली ती जन्मली एलिझाबेथव्हिलमध्ये, आजच्या लुबुंबाशीत. हे शहर दक्षिणेकडच्या कातांगा भागात, तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात. खाणींत मजूर आणि कचेऱ्यांत कारकून म्हणून वसाहतकाळात कासाईतले लुबा तिथे मोठ्या संख्येने गेले, शिकले, पुढे आले आणि स्थानिकांच्या डोळ्यांत खुपू लागले. स्वातंत्र्याच्या वेळी त्यावरून रक्त सांडलं. १९९२-९३मध्ये तर कासाईवाल्या लाखो लोकांना कातांगातून हुसकावून लावलं गेलं. हा कासाई-कातांगा तंटा लक्षात असू द्या, पुढे तो पुन्हा येणार आहे.

मुआनाचे वडील सैनिक होते. ती सहा वर्षांची असताना, १९६४च्या बंडाळीच्या काळात, ते मारले गेले. मागे आई आणि मोठं लेंढार.

रुंबा तर क्युबाचा ना?

हा प्रश्न हमखास येतो. उत्तर: हो, आणि नाही. मध्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर ताल अटलांटिकपार क्युबाला गेले. तिथे त्यांना स्पॅनिश साज चढला. १९३०च्या दशकात क्युबाच्या गाण्यांच्या तबकड्या आफ्रिकेत विकायला आल्या, तेव्हा काँगोतल्या लोकांना त्या परक्या वाटल्याच नाहीत. त्यांनी पियानोची जागा गिटारला दिली, स्पॅनिश शब्द काढून लिंगाला घातले आणि काँगोचा रुंबा उभा राहिला. डिसेंबर २०२१मध्ये युनेस्कोने तो मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. अर्ज दोन्ही काँगोंनी मिळून केला होता. (त्याच बैठकीत कोलकात्याची दुर्गापूजाही यादीत गेली, म्हणून आपल्याकडच्या बातम्यांत रुंबाला कोण विचारतो.)

या संगीतातला एकच पारिभाषिक शब्द लक्षात ठेवायचा: सेबेन. काँगोचं गाणं साधारण दोन भागांत चालतं. पहिला भाग संथ, त्यात शब्द, कथा, प्रेमाची तक्रार. मग गायक मागे सरतात, तीन-चार गिटारी एकमेकींत गुंफलेल्या छोट्या चाली पुन्हा पुन्हा वाजवू लागतात, लय चढते आणि नाचणारे पुढे येतात. हा दुसरा भाग म्हणजे सेबेन. जुन्या ४५ आरपीएमच्या तबकड्यांवर कित्येकदा गाणं एका बाजूला नि सेबेन दुसऱ्या बाजूला असे. किन्शासाच्या बारमध्ये लोक कोणत्या बाजूसाठी पैसे मोजत, हे सांगायला नको. १९८०च्या दशकात पॅरिसच्या स्टुडिओंनी पहिला भाग छाटून सेबेनच लांबवला, वेग वाढवला आणि 'सुकूस' या नावाने जगभर विकला.

म्हणजे काँगोत नाच हा गाण्याचा निम्मा हिस्सा आहे. आणि नाचणाऱ्या बहुतेक मुली. मानधन सर्वांत कमी, तबकडीवर नाव नाही.

मुतुआशी: कमरेचं काम

मुआनाने जे केलं ते सुकूस नव्हे, मुतुआशी. हा कासाईतल्या लुबांचा पारंपरिक नाच आणि ताल. घरादारातल्या आनंदाच्या प्रसंगी बायका-पुरुष, म्हातारे-तरणे सगळे नाचतात असा. ढोल, टाळ्या आणि मादिंबा हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य. 'मुतुआशी!' ही नाच रंगात आला की घालायची आरोळीसुद्धा.

मुआनाचे जुने व्हिडिओ पाहिले तर प्रथम नजरेत भरतं ते काय हलत नाही ते. खांदे जवळजवळ स्थिर. चेहऱ्यावर किंचित हसू, श्वास लागल्याचं चिन्ह नाही. गुडघे थोडे वाकलेले, पावलं जमिनीलगत सरकत. सगळं काम कमरेचं, आणि तेही झटक्याचं नाही, वर्तुळाचं. कमरेला एक जास्तीचं कापड गाठ मारून बांधलेलं असतं. ते सजावटीसाठी नाही. कमरेचं वर्तुळ लांबून दिसावं म्हणून. ताल दुप्पट झाला तरी वरचं शरीर तसंच शांत. मी नाचातला जाणकार नाही, पण हे अवघड आहे एवढं कुणालाही कळेल. आरशासमोर अर्धा मिनिट करून बघा.

शहरी, चर्चला जाणाऱ्या काँगोलीज समाजाने या नाचाला अश्लील म्हणायचं बाकी ठेवलं नाही. आपल्याला इथे लावणी आठवते. पण ती तुलना फार ताणू नये. लावणी फडावर, पैसे देऊन बघायला आलेल्या पुरुषांपुढे वाढली. मुतुआशी अंगणात, नात्यागोत्यात वाढला. त्याला रंगमंचावर, टीव्हीवर, परक्या शहरांच्या झगमगाटात नेलं ते मुआनाने. तोच नाच आजीने अंगणात केला तर परंपरा आणि नातीने तिकीट लावून केला तर चवचाल, असा तो आक्षेप होता. त्यात नाचापेक्षा तिकिटाचा राग जास्त होता, असं माझं मत.

नर्तकीची गायिका कशी झाली

१९७७ साली मुआना किन्शासात एम्पोंगो लव्ह या गायिकेच्या वाद्यवृंदात नर्तकी म्हणून लागली. एम्पोंगो लव्ह स्वतः लहानपणच्या दुखण्यामुळे पायाने अधू होती. आवाज असा की ऐकणारा थबकावा, पण नाच इतरांकडून करून घ्यावा लागे. गाणारी एक, नाचणाऱ्या दुसऱ्या. मुआना त्या दुसऱ्यांत.

त्या काळात गायिका होण्याचा रस्ता बऱ्याचदा असाच जाई. मुआनाच्याच पिढीतली दुसरी मोठी गायिका एम्बिलिया बेल हीसुद्धा आधी आबेती मासिकिनी या गायिकेच्या मागे नाचायची आणि मग ताबु ले या बड्या बँडमालकाने तिला पुढे आणलं. काँगोचा रुंबा हा पुरुषांचा कारखाना होता: बँडचा मालक पुरुष, गीतकार पुरुष, गिटारवाले पुरुष, बाईच्या व्यथेची गाणीही पुरुषांनीच लिहिलेली. अशा कारखान्यात बाईला दार उघडायचं ते कमरेच्या जोरावर. आवाज नंतर.

मुआनाचा फरक असा की ती कुणा ताबु लेच्या बँडमधून पुढे आली नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिने देश सोडला आणि आयव्हरी कोस्टमधलं आबिजान गाठलं. यामागे कारण होतं. १९७३मध्ये मोबुतु यांनी परक्यांचे धंदे काढून आपल्या मर्जीतल्यांना वाटले. काही वर्षांत ते धंदे बसले, चलन कोसळलं, तबकड्या छापायचे कारखाने रखडले. ज्या किन्शासाने अख्ख्या आफ्रिकेला नाचवलं, तिथे तबकडी काढणं दुरापास्त झालं. आबिजानला मात्र स्टुडिओ होते, टीव्ही होता, पैसा होता. तिथे नाव झाल्यावर ती पॅरिसला गेली. १९८०चं दशक संपेपर्यंत ती पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली मोठी तारका झाली होती.

चिलुबात गाण्याचं धाडस

तिने लिंगालात गायचं सोडलं नाही, स्वाहिलीतही गायली. 'कारिबू यांगू' हे तिचं अफाट गाजलेलं गाणं नावापासूनच स्वाहिली आहे. पण तिचं ठेवणीतलं काम चिलुबात. बाजाराच्या हिशेबाने हा आतबट्ट्याचा व्यवहार होता. रुंबाचे लहानमोठे सगळे लिंगालात गात, कारण ती कळणाऱ्यांची संख्या मोठी आणि ती शहरी, फॅशनेबल. चिलुबा म्हणजे गावाकडची. मुआनाने गावाकडच्या तालाला सिंथेसायझर, ब्रास आणि पॅरिसची झिलई दिली, भाषा मात्र बदलली नाही. ज्यांना चिलुबाचा एक शब्द कळत नव्हता ते सेनेगलपासून केनियापर्यंतचे लोक कमरेच्या त्या वर्तुळावर नाचले.

बाहेरच्या जगाला हे कळलं का? फारसं नाही. १९९१मध्ये अमेरिकेत तिचा अल्बम निघाला तो 'सुकूस सायरन' या नावाने. आत मुतुआशी, वेष्टनावर सुकूस. पाश्चात्त्य दुकानात आफ्रिकेसाठी फळीच एक होती आणि त्या फळीवर त्या वर्षी जे लेबल खपत होतं ते चिकटवलं गेलं.

देशात परतल्यावर तिने 'दिनास्ती मुतुआशी' या नावाने स्वतःचा संच बांधला, मुली शिकवून तयार केल्या. लोक तिला 'ममू नासिओनाल' म्हणू लागले, म्हणजे अख्ख्या देशाची आई. इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. गुंता पुढे आहे.

कलाकार सत्तेच्या एवढ्या जवळ का?

मोबुतु यांच्या राजवटीत नाच हे सरकारी काम होतं. शाळा, कचेऱ्या, कारखाने, सगळीकडे पथकं होती. त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या स्तुतीची गाणी गात तालावर नाचायचं. पाहुणा परदेशी असो की मंत्री, विमानतळावर नाच ठरलेला. याच काळात ख्रिस्ती नावांवर बंदी आली, सगळ्यांनी आफ्रिकी नावं घ्यायची. एलिझाबेथव्हिलचं लुबुंबाशी आधीच झालं होतं. मुआनाचंही एक नाव एलिझाबेथ होतं.

दुसरं कारण पैशाचं. तबकड्यांची विक्री बुडाली, मागून कॅसेटींची चोरटी नक्कल आली, रॉयल्टी गोळा करणारी यंत्रणा नावालाच उरली. मग कलाकाराने खायचं काय? उत्तर: आश्रयदाता. तो व्यापारी असेल, सेनाधिकारी असेल, हिऱ्यांचा दलाल असेल, मंत्री असेल. काँगोच्या गाण्यांत सेबेन रंगात आला की मध्येच माणसांची नावं पुकारलेली ऐकू येतात. नवख्याला ती गीताचा भाग वाटतात. ती बहुतेक वेळा पैसे मोजून घालून घेतलेली असतात. लिंगालात याला 'मबांगा' म्हणतात, म्हणजे दगड. गायक नावाचा दगड फेकतो आणि बदल्यात नोटा येतात. ज्याच्या नावाने घर चालतं त्याच्याविरुद्ध गाणं सोपं नसतं.

तरीही काँगोचे गायक बोलत आले. उघड नाही. लिंगालात त्या पद्धतीला 'म्ब्वाकेला' म्हणतात. आपल्याकडे याला हजार वर्षं मुरलेली म्हण आहे: लेकी बोले सुने लागे. गाणं वरवर नवरा-बायकोचं, शेजारणीचं, उधारी बुडवणाऱ्याचं. ऐकणाऱ्याला बरोबर कळतं ते कुणाला लागायचं आहे. या खेळाचा उस्ताद फ्रांको लुआंबो. त्याच्या 'तायर' या गाण्यात एक शिंपी आहे. सुईच्या मालकाने सुई परत घेतली, आता तू शिवणार कशाने, असं त्याला विचारलंय. शिंप्याचं नाव नाही. पण अख्ख्या किन्शासाने ओळखलं की हा शिंपी म्हणजे बडे सरकारी वकील केंगो वा दोंदो, ज्यांचं पद नुकतंच गेलं होतं. याच फ्रांकोला १९७८मध्ये अश्लील गाण्यांबद्दल तुरुंगात टाकलं आणि याच फ्रांकोने १९८४मध्ये मोबुतु यांच्या प्रचाराचं लांबलचक गाणं केलं. काँगोत या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने राहतात. आपल्याला 'दरबारी' आणि 'बंडखोर' अशी दोन खाती हवी असतात. तिथे एकच वही असते.

कासाईची लेक, कातांगाच्या घरात

१९९७मध्ये बंडखोर नेते लोराँ-देझिरे कबिला यांनी मोबुतु यांना घालवलं. ते कातांगाचे. मुआना त्यांच्या बाजूला उभी राहिली आणि त्यांनी नेमलेल्या हंगामी संसदेत तिला जागा मिळाली. जानेवारी २००१मध्ये त्यांची हत्या झाली, मुलगा जोझेफ गादीवर आला आणि मुआनाची निष्ठा बापाकडून लेकाकडे गेली. ती शेवटपर्यंत तिथेच राहिली.

आता तो तंटा आठवा. कासाईच्या लुबांचा नेता होता एतियेन चिसेकेदी, मोबुतु आणि दोन्ही कबिला यांच्याशी दशकानुदशकं झगडलेला विरोधी पुढारी. कासाईत त्याला देवाच्या खालोखाल मान. कासाईची सर्वांत प्रसिद्ध लेक मात्र कातांगावाल्या कबिलांच्या सभांत नाचते, हे तिच्याच लोकांना झोंबलं. २०१६-१७मध्ये कासाईत बंड पेटलं, सैन्याने ते निर्घृणपणे चिरडलं, दहा लाखांहून जास्त लोक बेघर झाले. तेव्हाही तिने बाजू बदलली नाही.

परदेशातल्या काँगोलीज मंडळींनी तर कबिलांची तळी उचलणाऱ्या कलाकारांवर बहिष्कारच घातला होता. पॅरिस, ब्रसेल्स, लंडनमध्ये वर्षानुवर्षं बड्या गायकांचे कार्यक्रम उधळले गेले. फेब्रुवारी २०२०मध्ये फाली इपुपा या तरुण गायकाच्या कार्यक्रमावेळी पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनाबाहेर गाड्या पेटवल्या. तेव्हा दरबारी असण्याची किंमत होती, आणि ती रोख मोजावी लागे.

मग २०२०मध्ये नेमकं काय झालं?

डिसेंबर २०१८च्या निवडणुकीत एतियेनचा मुलगा फेलिक्स चिसेकेदी विजयी ठरला. कॅथलिक चर्चच्या निरीक्षकांचे आकडे वेगळं सांगत होते, आणि निकाल कबिला व चिसेकेदी यांच्यातल्या सौद्यातून ठरला असा आरोप सर्रास झाला. जानेवारी २०१९मध्ये खुर्ची चिसेकेदी यांना मिळाली, संसदेतलं बहुमत कबिलांकडे राहिलं. संसार दोन वर्षंही टिकला नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये घटना न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या नेमणुकीवरून बिनसलं. नोव्हेंबरभर चिसेकेदी यांनी वेगवेगळ्या गटांशी सल्लामसलत केली आणि ६ डिसेंबरला युती मोडल्याचं जाहीर केलं.

या दोन घटनांच्या बरोबर मध्ये मुआनाचं गाणं आलं. गाण्यात एक उपकारकर्ता आहे, ज्याने एकाला हात धरून वर आणलं, आणि एक तो वर आलेला, ज्याने पाठ फिरवली. संपला विषय. पण गाणारी कोण? कबिलांची जाहीर समर्थक. कधी गाते? युती मोडायच्या तोंडावर. आणि जातीने कोण? चिसेकेदी यांचीच, कासाईची लुबा. हे शेवटचं सर्वांत झोंबणारं. परक्याने दिलेली शिवी आणि घरातल्या वडीलधारीने सुनावलेले बोल यांत फरक असतो, आणि 'देशाची आई' ही पदवी लोकांनीच तिला दिली होती.

नाव नव्हतं तर अटक कुठल्या आधारावर?

राष्ट्रप्रमुखाच्या अवमानाला शिक्षा देणारा १९६३चा एक अध्यादेश काँगोत अजून आहे. पण गाण्यात नाव नसताना तो लावायचा तर सरकारला आधी कबूल करावं लागतं की गाण्यातला कृतघ्न म्हणजे आपले साहेब. म्ब्वाकेलाची सगळी ताकद इथे आहे. गाणारा हात वर करतो, मी तर सामान्य बोललो, तुम्हाला का लागलं? सगळा देश ज्याचा तर्क करत होता, त्यावर गुप्तचर खात्याने एका रात्रीत शिक्का मारून दिला. फ्रांकोच्या शिंप्याला निदान कुणी जाहीरपणे 'तो मीच' म्हणायला लावलं नव्हतं.

ती तरी कुठे धुतल्या तांदळासारखी होती?

नव्हतीच. हा आक्षेप रास्त आहे. कबिलांच्या काळात पत्रकार आणि आंदोलक तुरुंगात गेले, तेव्हा ती त्यांच्यासाठी गायली नाही. तिच्या गाण्यात लोकशाहीचा कैवार नव्हता, एका आश्रयदात्याशी असलेली निष्ठा होती. तिला स्वातंत्र्याची लढवय्या करून टाकणं हे तिच्यावरच अन्याय करण्यासारखं आहे.

पण अटक चूक ठरायला अटक झालेली व्यक्ती संत असावी लागत नाही. शिवाय चिसेकेदी घराण्याने तीस-पस्तीस वर्षं अशाच अटका सोसल्या होत्या. त्या घरातल्या माणसाच्या राजवटीत एका म्हाताऱ्या होत चाललेल्या गायिकेला गाण्यापायी उचललं गेलं, म्हणून तिच्यावर एरवी चिडलेले लोकही तिच्या सुटकेसाठी बोलले.

पुढे काय झालं

१० डिसेंबर २०२२ रोजी किन्शासात चाला मुआना गेली. वय ६४. तिला गद्दार म्हणणाऱ्या कासाईतही त्या आठवड्यात तिचीच गाणी वाजत होती. मुतुआशी आता अनेकजण करतात. काँगोबाहेरच्या नव्या पिढीच्या नाचांतही ती कंबर ओळखू येते, नाव मात्र क्वचितच कुणी घेतं.

गाण्यांवर लक्ष ठेवणारा काँगोचा सेन्सॉर आयोग १९६७चा, मोबुतु यांच्या अमदानीतला. मुआनाच्या अटकेनंतर एका वर्षाने, नोव्हेंबर २०२१मध्ये, त्याने 'एमपीआर' नावाच्या तरुण मुलांच्या गटाच्या गाण्यावर बंदी आणली. गाण्याचा आशय असा, की स्वातंत्र्यापासून आम्ही काय करायचं बाकी ठेवलं, तरी आमचे हाल का? शाळा शिकलो, मतं दिली, प्रार्थना केल्या. या मुलांनी लेक-सून भानगड ठेवलीच नाही, थेट विचारलं. ओरड इतकी झाली की बंदी दुसऱ्याच दिवशी मागे घ्यावी लागली. तोवर ज्यांनी ते गाणं ऐकलं नव्हतं त्यांनीही ऐकून घेतलं होतं. आयोग मात्र अजून कामावर आहे.